ओला पाला

संघमित्राने कॉम्प्युटरच्या डब्याचा शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला आणि पत्र्याचं झाकण बाजूला सरकवलं, तेव्हा सुंदरबाईच्या हातातला कप बशीवर वाजला.

डब्यातून पाला निघाला. निंबाचा. हिरव्या काठाच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली मूठभर पुरचुंडी, तारांच्या गुंत्यात नीट बसवलेली, झोळीत मूल निजवावं तशी. चिंधी विरली होती. पानं वाळून तपकिरी झाली होती आणि बोट लागताच त्यांचा चुरा होत होता.

संघमित्राने पुरचुंडी नाकाशी नेली, वास घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि खोलीत एकवार नजर फिरवली. खोलीत दोनच माणसं होती. त्यातलं एक ती स्वतः.

“चहा ठेवा अक्का, सांडेल,” ती म्हणाली, आणि पुरचुंडी वर्तमानपत्रावर ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळली.

दुसऱ्यातही पाला होता. तिसऱ्यातही. चौथं झाकण निघेपर्यंत सुंदरबाई चहा विसरून भिंतीला टेकली होती.

दारातून मुख्याध्यापक देवरे सर डोकावले. आत काय काय निघतंय, असं त्यांनी विचारलं.

“कचरा,” संघमित्रा म्हणाली. “पाच वर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये निघतोच.”

सरांना ते पटलं. मग त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा तेच सांगितलं. उद्या अकरा वाजता शिक्षण विभागाचे साहेब येणार आहेत. कॉम्प्युटर चालू दिसले तर खोली कॉम्प्युटरची राहील. नाही तर शुक्रवारी भंगारवाला येईल आणि व्हरांड्यात पडलेली खिचडीच्या तांदळाची पोती आत येतील. त्यांचा स्वतःचा, ऑफिसातला कॉम्प्युटर मात्र ते सगळ्यात शेवटी देणार होते. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून कपाटात ठेवला होता. “तो जसाच्या तसा असेल बघा,” ते म्हणाले. “वस्तू सांभाळायची असली की सांभाळता येते.”

ते गेले. सुंदरबाईने खाली पाहिलं. हे वाक्य तिला लावून म्हटलेलं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ते लागलं.

शिरपूरहून बारा किलोमीटर, सातपुडा जिथून स्पष्ट दिसायला लागतो तिथे ही शाळा होती, आणि सुंदरबाई तिची तीस वर्षांपासूनची शिपाई. येत्या मे महिन्यात ती निवृत्त होऊन घरी बसणार होती. शाळेच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असत, पण या खोलीची किल्ली वेगळ्या दोऱ्यात. कॉम्प्युटर आले तेव्हा तिने नियम केला होता की चपला बाहेर. मुलांना तो होताच, सरांनाही होता, आणि एकदा सरपंच बुटांसकट आत शिरले तर त्यांनाही तिने दारातून परत फिरवलं होतं. ती खोली तिने रोज पुसली. तिथल्या खुर्चीवर मात्र ती कधी बसली नव्हती. तसं कुणी सांगितलं नव्हतं. आपलं काम दारापर्यंत, एवढं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आणि मग कोरोनाच्या वर्षीचा तो मार्च. दुपारी निरोप आला की शाळा आजच बंद. पंधरा दिवस, असं सगळे म्हणत होते. सर कपाटं लावत होते, शिक्षक गाड्या काढत होते. सुंदरबाईला तांदळाची काळजी नव्हती. पोत्यांत तिने निंबाचा पाला कधीच घालून ठेवला होता. तिच्या हातच्या धान्याला कीड लागत नाही, असं सर आल्यागेल्याला सांगत. पण कॉम्प्युटर? आदल्या वर्षी सुट्टीत एकाची तार उंदरांनी कुरतडली होती. पंधरा दिवस कोण बघणार?

तिने विळा घेतला आणि अंगणातल्या निंबाच्या दोन फांद्या उतरवल्या.

पाला सुकवून घालायचा असतो. चार दिवस, पानं हातात वाजायला लागेपर्यंत. हे तिला आईने शिकवलं होतं आणि गावात ते कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. ओला पाला घातला तर दादर ज्वारी काळी पडते, तिला बुरशी चढते. पण चार दिवस नव्हते, एक तास होता. कॉम्प्युटरचे सर पाच रुपयांच्या नाण्याने झाकणं उघडायचे ते तिने दारातून पाहिलेलं होतं. घरून जुनं लुगडं आणलं, त्याच्या अकरा चिंध्या केल्या. अकरा डबे. ऑफिसातलं कपाट सरांच्या कुलुपात होतं.

पंधरा दिवसांचं दीड वर्ष झालं. शाळा उघडली त्या सकाळी अकरातला एकही कॉम्प्युटर उठला नाही. शिरपूरहून एक माणूस आला, दोन-तीन बटणं दाबून, जुनी झाली सगळी, संपली, असं म्हणून गेला. झाकण कुणी उघडलं नाही. आणि सुंदरबाईला कुणी काही विचारलं नाही. अडचण ती होती. विचारलं असतं तर तिने सांगून टाकलं असतं. कबूल करायचं तर आधी कुणीतरी विचारावं लागतं. आपण होऊन हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभं राहायचं म्हणजे फार मोठं पाऊल, आणि ते आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. रोज सकाळी ती खोली पुसत होती. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली झाडू घालताना ती मान वळवून घ्यायची.

आता ती मेमध्ये जाणार होती, आणि जाताना मागे अकरा मेलेले कॉम्प्युटर ठेवून जाणार होती, आपल्या हाताने मारलेले.

संघमित्रा जळगावची, मेहरूणची. वय पन्नासच्या आगेमागे, कुर्त्याला चार खिसे आणि चारही भरलेले. शाळा तिची दहावीला सुटली होती. पुढचं सगळं ती बंद पडलेल्या वस्तूंकडून शिकली. आधी घरातला रेडिओ, मग शेजाऱ्यांचा टीव्ही, मग जे येईल ते. मेहरूणमध्ये तिचं दुकान म्हणजे एक टेबल आणि एक शटर. जुने कॉम्प्युटर जागे करण्याचं काम तिने याआधी आठ शाळांमध्ये केलं होतं. सकाळी एसटीतून आली तेव्हा तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक मोठा डबा होता. कंडक्टरने याचं अर्धं तिकीट काढू का विचारलं होतं, आणि हा सीटवर बसलाय कुठे, मांडीवरच आहे, असं सांगून तिने त्याला गप्प केलं होतं. तो डबा तिने कोपऱ्यात, शाळेच्या इन्व्हर्टरला जोडून ठेवला.

दुपारी सुंदरबाईने जेवणाच्या डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी करून तिच्यापुढे ठेवली. वर ठेचा. संघमित्राने एका हाताने भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या हाताने पाचव्या कॉम्प्युटरच्या पोटातून एक चपटी, जड पेटी ओढून काढली. अशा पाच पेट्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेल्या होत्या.

सुंदरबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं,

“बिघडेल शे का ते?”

“हे? गेलंय हे,” संघमित्रा म्हणाली. “सगळ्यांचंच गेलंय. पण आता लागणारच नाही आपल्याला.”

सगळ्यांचंच. सुंदरबाईने उरलेली भाकरी फडक्यात परत बांधली.

संघमित्रा मात्र रंगात आली होती. ऐकायला माणूस मिळालं की तिचं असं व्हायचं. ती सांगत होती की या मशीनना आता स्वतःचं डोकं ठेवायचंच नाही. डोकं एकच, त्या कोपऱ्यातल्या डब्यात. या अकरांनी फक्त डोळे आणि हात व्हायचं. नवीन कामांचं ओझं यांना झेपत नाही, म्हणून लोक यांना भंगारात घालतात. पण डोळ्याहाताला कशाला हवी ताकद? आणि खरी गंमत पुढेच आहे अक्का, असं ती म्हणाली, आणि तेवढ्यात सुंदरबाईने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तास द्यायची वेळ झाली होती. ती घंटा वाजवायला गेली. परत आली तोवर खरी गंमत सांगून झाली होती, बहुधा कॉम्प्युटरलाच, आणि संघमित्रा टेबलाखाली आडवी होऊन तारा जोडत होती. तिथून तिने एवढंच सांगितलं की हे अकरा रोज बंद करा, खुशाल करा, पण कोपऱ्यातल्याला हात लावायचा नाही. तो रात्रंदिवस चालू राहील.

साडेतीनला तिने उठून कपडे झटकले. अकरांना घड्याळात घालतात तसले नवे सेल बसवून झाले होते, अकरा तारा भिंतीच्या कडेने जाऊन एका छोट्या पेटीत शिरत होत्या आणि तिथून एकच तार कोपऱ्यात. तिने पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

आत पंखा खरखरला, अडला, मग फिरू लागला. पडदा काळाच राहिला. त्या काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली आणि तिच्या शेवटी एक टिंब आलं. मग दुसरं. मग तिसरं.

“काय करी ऱ्हायनं ते?” सुंदरबाईने विचारलं. ती दारातच होती.

“हाक मारतंय.”

“कोनले?”

“कुणालाही. याच्या पोटात आता काही नाही ना. स्वतःचं नाव पण नाही. उठलं की आधी तारेत हाक मारतं, कुणी आहे का, मी कोण ते सांगा. कोपऱ्यातल्याने ऐकलं तर तो सांगेल.”

“आनि नही ऐकं तं?”

“तर हाक मारत बसेल.”

चौथं टिंब आलं. पाचवं. संघमित्राने हात मागे बांधले होते आणि एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटात रुतली होती. आठ शाळा झाल्या तरी ही टिंबं तिच्या सवयीची झाली नव्हती.

सहावं टिंब आलं नाही. ओळ थांबली, पडद्यावरून भराभर अक्षरं खाली धावली, पडदा एकदा पूर्ण विझला, आणि मग त्यावर निळा रंग पसरला. सावकाश. कडेपर्यंत. मध्ये मराठीत एकच शब्द होता: शाळा.

संघमित्राने दुसऱ्याचं बटण दाबलं, तिसऱ्याचं दाबलं. ओळीने दाबत गेली.

सुंदरबाईने लहानपणी मळ्यात पाणी वळवलेलं होतं. विहिरीवरून पाट निघतो, आपण फावड्याने एकेका वाफ्याचं तोंड उघडत जातो, आणि कोरड्या भेगाळलेल्या मातीवर पाणी चढत चढत दुसऱ्या कडेला टेकतं. तेव्हा ती प्रत्येक वेळी थांबून बघायची आणि वडील ओरडायचे. हे तसंच होतं. एका कोपऱ्यातून काहीतरी निघत होतं आणि एकेका पडद्यावर चढत होतं. दिसत नव्हतं, वाजत नव्हतं. सातवा भरला. आठवा भरला. नवव्याने फार हाका मारल्या, तिला वाटलं हा काही उठत नाही, आणि तोही भरला.

अकरावा उजळला तेव्हा खोलीत फक्त पंख्यांचा आवाज उरला, दूर कुठेतरी पिठाची चक्की चालू असावी तसा. भिंतीचा चुना निळा दिसत होता. सुंदरबाईने डोक्यावर पदर घेतला. शाळेत असा पदर तिने नवीन हेडमास्तर पहिल्या दिवशी आले तेव्हा घेतला होता, त्याला आता बारा वर्षं झाली.

“या ना आत,” संघमित्रा म्हणाली. “बसा. तुमचं नाव लिहा.”

“मन्हं नाव? आठे?”

“मग काय माझं लिहिणार?”

बटणांवर संघमित्राने मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सुंदरबाई चौथी शिकलेली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, एवढ्या कडेवर की खुर्चीला कळलंही नसावं, आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागली. स सापडला. त्याचा उकार सापडला. डोक्यावरचं टिंब कुठलं, हे संघमित्राने दाखवलं. नाव पूर्ण झालं तेव्हा तिने हात झटकन मांडीवर घेतले. भलत्या ठिकाणी सही झाल्यासारखं तिला वाटलं. एक बटण दाबून धरून संघमित्राने ते पुसलं, आणि पुसायचं कसं तेही तिला शिकवलं.

सव्वापाचच्या गाडीने संघमित्रा शिरपूरला आतेबहिणीकडे मुक्कामाला गेली. जाताना सांगून गेली की आज सगळ्यांना ‘शाळा’ हे एकच नाव दिलंय, उद्या साहेब येऊन गेले की मुलांची वेगवेगळी घालू. पाल्याचं वर्तमानपत्र तिने खिडकीच्या कट्ट्यावर, त्या काढलेल्या पेट्यांशेजारी, घडी घालून ठेवलं होतं. टाकून दिलं नव्हतं. त्याबद्दल एक अक्षरही ती बोलली नव्हती.

शाळा रिकामी झाली. सुंदरबाईने खोल्या लावत आणल्या आणि शेवटी इथे आली. बटणं बंद करायची होती. ती पहिल्या कॉम्प्युटरपुढे उभी राहिली, मग बसली. या वेळी थोडी मागे सरकून.

एक गोष्ट तिला या यंत्रांबद्दल पक्की माहीत होती. वीज गेली की मुलं कळवळायची, गेलं, सगळं गेलं. लिहिलेलं असायचं आणि बटण बंद झालं की नसायचं. दहा वर्षं तिने ते ऐकलं होतं. यंत्राला सांगितलेलं यंत्रापाशी राहत नाही. बोलून टाकायला याहून सुरक्षित जागा गावात दुसरी नव्हती.

तिने प शोधला. बाहेर गुरं परतत होती. एकेक अक्षर, मध्ये मध्ये चुकलेलं पुसत, आणि लिहिताना ती शाळेतलीच मराठी लिहीत होती, कारण लिहायची भाषा ती, असं चौथीपर्यंत तिच्या मनावर ठसलेलं होतं. बराच वेळ लागला. शेवटी पडद्यावर तीन ओळी उभ्या राहिल्या.

पाला मी टाकला
ओला होता
माझ्यामुळे बंद पडले

तिने त्या दोनदा वाचल्या. स्वतःला वाचून दाखवल्यासारख्या, ओठ हलवत. मग उठून भिंतीवरची बटणं एकामागून एक बंद केली. अकरा पडदे विझले. कोपऱ्यातल्याला हात लावायचा नव्हता, तिने लावला नाही. अंधारात त्याचा एक हिरवा दिवा तेवढा राहिला. कुलूप घालताना तिचे खांदे हलके झाले होते. सांगून झालं होतं, आणि कुणाला कळलं नव्हतं.

सकाळी दहाला देवरे सर इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत आले. चपला बाहेर काढल्या. साहेबांपुढे फजिती नको म्हणून आपण आधी एकदा चालवून बघू, असं ते संघमित्राला म्हणाले, आणि मधल्या ओळीतल्या सातव्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. सुंदरबाई उंबरठा पुसत होती. संघमित्राने त्या एकाचं बटण लावलं.

टिंबं आली. निळा रंग आला. ‘शाळा’ आलं, सरांनी संघमित्राने सांगितलेलं बटण दाबलं.

मग सर हलले नाहीत. सुंदरबाईला फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. मग सरकून जरा बाजूला झाले आणि सुंदरबाईला पडदा दिसला.

तीन ओळी. तिच्या. पहिल्या कॉम्प्युटरवर लिहिलेल्या, विझवलेल्या, आणि सातव्यावर उभ्या. शेवटच्या अक्षरापुढे ती बारीक उभी रेघ उघडझाप करत होती, जणू ती रात्रभर तिथेच बसून पुढे काय लिहायचं याची वाट बघत होती.

“हे कुणी लिहिलं?” सरांनी विचारलं.

संघमित्राने ओळी वाचल्या. ती तोंड उघडणार होती. काहीतरी सांगून तिने हे निभावून नेलं असतं, काल कचरा म्हणाली तसं. पण सुंदरबाईने फडकं बादलीत टाकलं आणि ती उभी राहिली. तिने कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा कालच्यासारखाच होता.

“मी,” ती म्हणाली.

“काल बंद केलं नव्हतं का हे?”

“बठ्ठं बंद करेल व्हतं, सर.”

“अक्कांनी बंद केलं होतं,” संघमित्रा हळू म्हणाली. “यांच्यात काही राहतच नाही. लिहिलेलं सगळं तिकडे जातं. इथे फक्त दिसतं. कुठल्याही मशीनवर बसलं तरी.” आणि मग सुंदरबाईकडे वळून, “काल हेच सांगत होते मी. तुम्ही घंटेला गेलात.”

सुंदरबाई सरांच्या टेबलापुढे पाच वर्षं जाऊ शकली नव्हती. आता टेबल नव्हतं, मध्ये फक्त ओली फरशी होती.

“पाला मीच टाकेल शे, सर. अकरास्मा. सुकाडाले येळ नव्हता.”

सरांनी तिच्याकडे वळून विचारलं,

“पाच वर्षं?”

तिने मान हलवली. एवढंच त्यांना विचारायचं होतं आणि एवढंच तिला सांगायचं होतं.

व्हरांड्यातलं घड्याळ साडेदहा दाखवत होतं. संघमित्राने कट्ट्यावरची एक पेटी उचलली, खिडकीच्या उजेडात फिरवली आणि सरांच्या हातात दिली.

“ओल लागली असती तर इथे गंज दिसला असता,” ती म्हणाली. “अकराही बघितल्या मी काल. गंज नाही. बंद पडायला पाला कशाला लागतो, वय पुरतं. सतरा वर्षांच्या आहेत या.” मग तिने कुर्त्यावर हात पुसले. “सर, तुमचा ऑफिसचा आणू या का? बारावा.”

सरांनी स्वतः कपाटाचं कुलूप काढलं. जुनं लाकडी कपाट होतं. कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये होता, चिकटपट्टी जागच्या जागी, वर सरांच्या अक्षरात तारीख. त्यांनी तो स्वतःच उचलून आणला आणि टेबलावर ठेवला. प्लास्टिकला मागच्या बाजूला लिंबाएवढं भोक होतं. कपाटालाही तिथेच असणार.

संघमित्राने झाकण काढलं.

आत कागदाचं घरटं होतं. बारीक फाडून, गोल रचून केलेलं. चाचणीच्या उत्तरपत्रिका असाव्यात. एका तुकड्यावर लाल शाईचा अर्धा दहा होता. घरट्यात आता कुणी नव्हतं. बाकी सगळीकडे तांबं उघडं पडलं होतं. एकही तार अशी नव्हती की जिला दात लागलेले नाहीत.

संघमित्राने वर्तमानपत्राची घडी उलगडली, त्यातली एक पुरचुंडी उचलली आणि त्या घरट्याशेजारी टेबलावर ठेवली.

“अकरांत एक तार कुरतडलेली नाही,” ती म्हणाली. “काल संध्याकाळपर्यंत मला कळत नव्हतं की असं कसं. आठ शाळांत असं बघितलं नाही मी.”

सुंदरबाई पुढे आली. तिने घरट्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि मग त्या पुरचुंडीला बोट लावलं, अगदी हलकं. चुरा बोटाला चिकटला. तिने तो नाकाशी नेला. पाच वर्षं झाली तरी पाला कडूच होता.

अकरा वाजता जीप आली. तोवर त्या तीन ओळी संघमित्राने पुसल्या होत्या. साहेब सातव्यावर बसले, मग उठून तिसऱ्यावर बसले, आणि सातव्यावर लिहिलेलं आपलं नाव तिसऱ्यावर बघून त्यांनी मागे वळून पाहिलं. मग परत सातव्यावर गेले. चार वेळा त्यांनी असं केलं, आणि शेवटच्या दोन वेळा त्यांच्या बरोबरचा ड्रायव्हरही आत येऊन बघत होता, अनवाणी. तांदळाच्या पोत्यांचा विषय निघाला नाही. बाराव्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं, तर सर म्हणाले की तो आमच्या हातून नीट सांभाळला गेला नाही.

दुपारी संघमित्राने मुलांची नावं घातली आणि गोधडीची घडी पिशवीत कोंबली. निघताना ती सुंदरबाईला म्हणाली की आता पाला आत ठेवायचा नाही, चालू मशीन गरम होतात. मागच्या बाजूला टांगायचा. एसटी दिसली तशी ती पळाली.

मधल्या सुट्टीचा तास द्यायला सुंदरबाई बाहेर आली, तर निंबाखाली देवरे सर उभे होते. पायाशी दोन फांद्या पडलेल्या, हातात तिचाच विळा, इस्त्रीच्या शर्टाला पानं चिकटलेली. त्यांनी एक डहाळी उचलली, तिची पानं बोटांत चोळून पाहिली. ती वाजली नाहीत.

“सुंदरबाई,” ते म्हणाले, “हा उन्हात सुकवायचा की सावलीत?”

घंटेचा हातोडा तिच्या हातातच राहिला. मुलं दारांत उभी राहून वाट बघत होती.

“सावलीमा, सर,” ती म्हणाली. “चार दिन.”